बाबांचा डावा डोळा

आमच्या घरात चूक कधी माणसाची नसते, वस्तूची असते. दूध उतू गेलं तर शेगडी जास्त पेटते, किल्ली हरवली तर खिसा उसवलेला असतो आणि फोटो बिघडला तर कॅमेरा पडलेला असतो, बहुधा माझ्या हातून. हे शास्त्र बाबांचं. त्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात मापं तपासली. इतरांनी बनवलेले सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे, बाबा त्यांना गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, लावायचे आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक सापडला तरी माल परत पाठवायचे. अशा माणसाकडून स्वतःची चूक कबूल करून घेणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नव्हतं.

त्यांचा कॅमेरा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. रेंजफाइंडर जातीचा, फिल्मवर चालणारा. असा कॅमेरा ज्यांनी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात लेन्समधून दिसत नाही. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. आत मधोमध एक उजळ चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकावरून एक सरकलेला. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा जवळ येतात आणि एकमेकींवर नेमक्या बसतात. बसल्या की फोकस झाला. बाबा तेव्हा “जुळलं” म्हणायचे आणि ते ऐकू येईपर्यंत घरात कुणी हलायचं नाही असा दंडक होता. मी तर श्वासही रोखून धरायचे. लहानपणीच्या निम्म्या फोटोंत माझे गाल फुगलेले आहेत ते त्यामुळे.

माझ्या मुलीला पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी अख्खा रोल तिच्यावर संपवला. फोटो धुऊन आले तेव्हा छत्तीसपैकी एकतीस फोटोंत मुलगी धूसर होती आणि तिच्या मागच्या खुर्चीची पाठ मात्र लख्ख. खुर्चीला पदवी मिळाल्यासारखं वाटत होतं. बाबा म्हणाले, कॅमेरा बिघडलाय. मी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या तोंडाला लगाम नाही, म्हणून तर बाबा मला तोफ म्हणतात. त्या दिवशी तोफ डागून मला बरंसुद्धा वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे दोन रोलही तसेच निघाले. आईचा फोटो काढला तर मागचा पडदा स्पष्ट, आई धुक्यात. बाबा आता चिडत नव्हते, गप्प बसत होते. ते गप्प बसले की आई घाबरते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, काहीतरी कर, यांनी परवापासून कॅमेरा कपाटात ठेवलाय आणि कपाटाला कुलूप लावलंय. आमच्या घरातल्या कपाटाला कुलूप असतं हेच मला तेव्हा कळलं.

मी बाबांकडून किल्ली मागून घेतली, कॅमेरा काढला आणि भिंगकाकांकडे नेला. भिंगकाका म्हणजे बाबांचे जुने मित्र, कॅमेरे दुरुस्त करणारे. कपाळावर कायम भिंग चढवलेलं असतं, ते जेवतानाही काढत नाहीत असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे. त्यांचं दुकान माझ्या कामाच्या जागेपासून दोन दारं पलीकडे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि गर्दी असली की पुढे येऊन लोकांचे नंबरही तपासते. बावीस वर्षं हेच करते आहे, हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला तो या बावीस वर्षांच्या अनुभवासकट केला.

भिंगकाकांनी दोन दिवसांत कॅमेरा तपासला. एक मीटरवर फीत धरून पाहिलं, तीन मीटरवर पाहिलं, लांबच्या पाण्याच्या टाकीवर पाहिलं. सगळीकडे दोन्ही प्रतिमा चोख बसत होत्या. त्यांनी स्वतः एक रोल काढून धुतला, तोही चोख. ते म्हणाले, “अगं, या कॅमेऱ्यात काहीही खोट नाही. तुझ्या बाबालाच एकदा डोळे दाखवायला घेऊन जा.”

मला ते पटलं, पण माझ्या पद्धतीनं. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. नंबर वाढला असेल, मोतीबिंदू धरत असेल, या वयात सगळ्यांचंच होतं. वर्षापूर्वी मीच त्यांना नवा चष्मा करून दिला होता आणि तपासताना त्यांनी इतकी हुज्जत घातली होती की पुन्हा तो विषय काढायची माझी छाती नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करत आला, आता त्याला तूच नापास झालास हे कुणी सांगायचं? मी भिंगकाकांना म्हणाले, सांगून टाका की कॅमेरा म्हातारा झाला, आतली काच सैल झालीय, आता दुसरा घ्या. मोठ्या खिडकीचा, मोठ्या उजळ चौकोनाचा एखादा कॅमेरा मिळाला की त्यांना नीट दिसेल, फोटो सुधारतील आणि कुणाचाच अपमान होणार नाही.

भिंगकाकांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी आजवर एका चांगल्या कॅमेऱ्याला वाईट म्हटलं नव्हतं. पण माझ्यापुढे त्यांचंही काही चालत नाही. त्यांनी बाबांना तसं सांगितलं आणि मी शेजारी मूग गिळून उभी राहिले. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मला दोनदा ऐकवलं, “बघ, मी म्हणत नव्हतो?” घरी आल्यावर आईला ऐकवलं ते वेगळंच. आईला खरं काय ते मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ती बिचारी त्यांच्या आनंदात सामील झाली.

असे कॅमेरे आता कुणी नवे बनवून कोपऱ्यावरच्या दुकानात विकत नाही. भिंगकाकांनी ओळखीच्यांकडे विचारपूस केली, कुठून कुठून निरोप आले आणि तीन कॅमेरे जमायला महिना लागला. त्या महिन्यात बाबा जुनी माहितीपत्रकं काढून वाचत होते, कागदावर तक्ते आखत होते. खिडकी किती मोठी, दोन प्रतिमा घेणाऱ्या पुढच्या दोन खिडक्यांमधलं अंतर किती, शटरचा आवाज किती. अंतर जास्त असेल तर माप जास्त नेमकं, हे ते आईला भाजी निवडताना समजावून सांगायचे आणि आई, तिला त्यातलं काहीएक कळत नसताना, बरोबर जागी हो म्हणायची. बाबा वाचताना कागद जरा डावीकडे धरत होते. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

शनिवारी दुपारी बाबा, मी आणि भिंगकाका त्यांच्या काउंटरवर जमलो. हिरव्या कापडावर तीन कॅमेरे मांडले होते आणि बाजूला बाबांचा जुना, बिचारा विनाकारण निवृत्त केलेला. पहिला जड होता, कडांवरचा काळा रंग उडून पितळ दिसत होतं. बाबांनी तो हातात तोलला, मागचं झाकण उघडलं, शटरची पडदी उजेडासमोर धरून भोकं शोधली. मग एक सेकंदाचा वेग लावला आणि कानाशी धरून मोजला. “जरा रेंगाळतोय,” म्हणाले, पण प्रेमानं. घरात बसून जी माणसं कोमेजतात ती अशा ठिकाणी कशी फुलतात ते बघण्यासारखं असतं. मला वाटलं, चला, आपलं खोटं सत्कारणी लागलं.

मग त्यांनी खिडकीला उजवा डोळा लावला आणि दारातून समोरच्या विजेच्या खांबावर कॅमेरा रोखला. कडी फिरवली, पुन्हा मागे फिरवली.

“याची आतली काच वाकलीय,” ते म्हणाले. “खांब मधेच वाकतोय.”

भिंगकाकांनी कॅमेरा घेतला, पाहिलं आणि म्हणाले, सरळ तर आहे. बाबांनी तो बाजूला ठेवला. नापास. दुसरा कॅमेरा त्यांनी हौसेनं उचलला. त्याची खिडकी खरोखरच मोठी होती, चौकोन दिव्यासारखा उजळ, आणि फिल्म पुढे सरकवायला खटका होता, गुंडी फिरवायची गरज नव्हती. बाबांनी पुन्हा खांब धरला आणि पुन्हा म्हणाले, यातही वाकतो. आता भिंगकाका जरा तापले. त्यांनी स्वतः उघडून साफ केलेला कॅमेरा होता तो. तिसरा अगदी छोटा, शटरचा आवाज म्हणजे कुणी जीभ टाळूला लावल्याएवढा. बाबांनी पाहिलं. खांब सोडून त्यांनी दाराची चौकट पाहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरची कड पाहिली.

“तिन्ही वाकलेत,” ते म्हणाले. “सगळे एकाच जागी.”

मी तेव्हा काउंटरच्या टोकाला उभी होते. आमच्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे. बारीक चौकोन आखलेले आणि मधोमध काळा टिपका. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी स्वतः सांगते की एकेक डोळा झाकून या टिपक्याकडे बघा आणि रेषा वाकलेल्या दिसल्या तर माझ्याकडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू नसतो आणि नंबरही नसतो. हजार लोकांना सांगितलं असेल. माझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं, कारण ते हुज्जत घालतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी पळत जाऊन तक्ता काढून आणला आणि बाबांसमोर धरला. डावा डोळा झाकायला सांगितला. त्यांनी कुरकुर केली, पण झाकला.

“हा छापताना ओला होता का?” त्यांनी विचारलं. “मधे कुणीतरी बोट दाबलंय.”

मग उजवा झाकायला सांगितला.

“तोच तक्ता आहे ना गं?” ते म्हणाले. “बदलला नाहीस ना?”

मी नाही म्हणाले आणि मग तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. कॅमेरा चांगला होता, काकांनी मला तसं सांगितलं होतं, डोळे दाखवायलाही सांगितलं होतं आणि मीच त्यांना खोटं बोलायला लावलं. भिंगकाकांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं. मी त्यांना पहिल्यांदाच भिंगाशिवाय पाहत होते. मला वाटलं बाबा आता दुकान डोक्यावर घेतील. त्यांनी आपला जुना कॅमेरा उचलला, उजव्या डोळ्याला लावून खांब पाहिला, मग डाव्या डोळ्याला लावून पाहिला आणि अलगद खाली ठेवला.

“म्हणजे माल बरोबर आहे,” ते म्हणाले. “गेज खराब आहे.”

आम्ही तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मधोमध, पाणी झिरपत होतं. दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल, डोळ्यातच. गेलेलं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत, उरलेलं राखू असं म्हणाल्या. डावा डोळा ठीक होता. बाबांनी विचारलं, आता हा उजवा कॅमेऱ्याला चालणार का? त्या म्हणाल्या, उजवा मधोमध धूसरच राहील असं धरून चाला. मला बाजूला घेऊन त्या एवढंच म्हणाल्या की महिनाभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

मी जिन्यात बसून रडले. रडताना मी काही नाजूक दिसत नाही, आवाजही बराच होतो. बाबा काळा चष्मा लावून भिंतीला धरत धरत माझ्या शेजारी येऊन बसले.

“तू महिनाभर खोटं बोललीस,” ते म्हणाले. “मी तीन महिने बोललो, तेही स्वतःशी. कागद डावीकडे सरकवत होतो, मला काय कळत नव्हतं? हिशेबात माझं खोटं जास्त आहे. चल, आई वाट बघत असेल.”

त्या माणसावर माझा किती जीव आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, बरं बरं.

इंजेक्शनांचे दिवस आले आणि गेले. पहिल्याच्या वेळी बाबांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. चौथ्याच्या वेळी ते डॉक्टरीणबाईंना सुई किती गेजची आहे ते विचारत होते. झिरपणं थांबलं. उजव्या डोळ्यासमोरचं धुकं तसंच राहिलं, पण वाढलं नाही.

मग डाव्या डोळ्याचं शिक्षण सुरू झालं. सवयीनं उजवाच डोळा खिडकीकडे जायचा. डावा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपायचं आणि तिथं डाग पडायचा. भिंगकाका तिन्ही कॅमेरे पुन्हा घेऊन घरी आले, या वेळी खरेपणानं. खटक्याचा मोठ्या खिडकीचा कॅमेरा सगळ्यांत चांगला दिसत होता, पण डावा डोळा लावून खटका ओढला की तो दर वेळी बाबांच्या उजव्या भुवईत घुसायचा. छोटा इतका शांत होता की फोटो निघाला की नाही याची बाबांना खात्री पटेना. पितळ दिसणाऱ्याबद्दल ते म्हणाले, माणूस चांगला आहे, पण आमची ओळख नाही. शेवटी त्यांनी आपलाच जुना उचलला. त्याची फिल्म सरकवायची गुंडी डोळ्याला न टोचता फिरते. इतकी यातायात करून आम्ही निवडून निवडून घरातलाच कॅमेरा निवडला. भिंगकाकांना या निकालाचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आनंद झाला.

डाव्या डोळ्यानं काढलेला पहिला रोल धुऊन आला तेव्हा आम्ही तो जेवणाच्या टेबलावर पसरला. सगळे फोटो स्पष्ट होते. माझ्या मुलीच्या पापण्या मोजता येत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी डाव्या डोळ्याला भिंग लावून एकेक फोटो तपासला आणि मान हलवली.

फोकस आहे, ते म्हणाले, पण ही माणसं आपली वाटत नाहीत. मला राग आला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर आता हे काय नवीन? पण त्यांचं खरं होतं. फोटोंतले आम्ही सगळे ओळखपत्रासाठी बसल्यासारखे होतो. आई तर सगळ्यांत ताठ. मी हट्टानं जुना अल्बम काढून शेजारी ठेवला, हे दाखवायला की आम्ही पूर्वीही असेच दिसायचो. दिसत नव्हतो. मी पान उलटत गेले आणि मला एक गोष्ट दिसली, जी या घरात कुणीच कधी पाहिली नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या फोटोंत आम्ही कुणीही लेन्सकडे बघत नव्हतो. प्रत्येकाची नजर किंचित बाजूला होती, सगळ्यांची एकाच बाजूला. नव्या फोटोंत मात्र सगळे थेट लेन्सकडे बघत होते. मी म्हणाले, हे असं का?

आईला विचार करावा लागला नाही.

“मी कधी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही,” ती म्हणाली. “यांचा एक डोळा कॅमेऱ्याच्या मागे असायचा आणि एक उघडा असायचा, माझ्याकडे बघणारा. मी त्या डोळ्याकडे बघायचे. आता हे कॅमेरा लावतात आणि पूर्ण झाकून जातात. मला नुसतं यंत्र दिसतं.”

बाबांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग कॅमेरा उचलून आरशासमोर गेले, उजव्या डोळ्याला लावून पाहिला, तेव्हा डावा बाहेर उघडा राहिला; डाव्या डोळ्याला लावून पाहिला, तेव्हा उजवाही कॅमेऱ्यामागे दडला. परत येऊन त्यांनी आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. डावा डोळा लावून दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या आणि मग मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते केलं. कॅमेरा खाली घेतला. हनुवटीच्या खाली छातीशी धरला, चौकट बघायची सोडून दिली आणि दोन्ही डोळ्यांनी, एका चांगल्या आणि एका धुकट, आईकडे बघत राहिले. आई आधी हसली, मग हसायची थांबली आणि तीही बघत राहिली. बाबांना शटर दाबायची घाई दिसत नव्हती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. असतं कधी कधी तिथं काम.

तो फोटो चार दिवसांनी आला. तिरका होता. आईच्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला होता आणि खालच्या बाजूला नको इतकी साडी आली होती. मापं तपासणाऱ्या कुठल्याही माणसानं तो परत पाठवला असता. आई फोटोत जरा वर बघत होती, लेन्सच्या वर, आणि तिचा चेहरा असा होता की मी तिची मुलगी असूनही मला दारावर टकटक करून आत यावंसं वाटलं. बाबांनी तो कितीतरी वेळ हातात धरला.

“डोकं कापलं गेलंय तुझं,” ते म्हणाले. “परत काढायला हवा.”

“काढा की,” आई म्हणाली. “मी कुठे जातेय?”